‘कळा न्हाईत’ म्हणून लांबलेली रात्र

त्या घरातल्या कुणीही हलगर्जीपणा केला नाही, हे आधी सांगते. आई गरोदर लेकीच्या उशाशी बसून होती. चुलतीनं दोनदा गार दूध आणून दिलं. भाऊ रात्री साडेआठला मोटरसायकल काढून शेजारच्या गावातलं मेडिकल उघडं आहे का बघायला गेला. आजीनं पोटाला हात लावून बघितलं, आणि आजीचा हात साधा नव्हता. दवाखाने लांब होते त्या काळात गल्लीतली कितीतरी बाळंतपणं त्या हातानं झालेली. एवढी माणसं जागी असूनही दुखायला लागल्यापासून पहिला फोन होईपर्यंत साडेचार तास गेले.

मी गटप्रवर्तक आहे. करवीर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावांतल्या वीसेक आशाताईंचं काम बघते. हे प्रकरण आमच्या मासिक बैठकीत तीन वेळा चर्चेला आलं आणि दर वेळी त्यातून काहीतरी नवीन निघालं, म्हणून सगळं लिहून काढते आहे. लेकीची आणि तिच्या नवऱ्याची परवानगी घेतली आहे. नावं, गाव आणि ओळख पटेल असे बारकावे गाळले आहेत.

माहेरी येताना मागे राहिलेली फाईल

वय २३, पहिलंच बाळंतपण. सासर इचलकरंजीला, नवरा यंत्रमागावर. सातव्या महिन्यापर्यंतची तपासणी तिथल्याच एका खासगी दवाखान्यात झाली. डोहाळजेवण सासरी झालं आणि त्यानंतर आई तिला घेऊन आली. आपल्याकडची रीत आहे, पहिलं बाळंतपण माहेरी. रीत चांगलीच आहे. पोरीला विसावा मिळतो, हक्कानं दोन शब्द बोलायला माणसं मिळतात. पण या रीतीत एक फट आहे आणि आम्हाला ती वर्षभर सतावते. बाई माहेरी येते, तिचे कागद सासरीच राहतात. हिची फाईल सासरच्या कपाटात राहिली होती. सोबत आलं ते फक्त माता-बाल संरक्षण कार्ड, आणि त्यावर शेवटच्या दोन तपासण्यांचे रकाने कोरे होते.

ती फाईल मी नंतर पाहिली. तिसऱ्या महिन्यात रक्तदाब १०४/६६. एकतिसाव्या आठवड्यात १३८/८८, आणि लघवीत प्रथिनाचा नुसता अंश. १४०/९० च्या आतला आकडा म्हणून त्याला कुणी लाल गोल केला नाही. व्याख्या बघितली तर चूकही म्हणता येत नाही. पण १०४ वरून १३८ वर गेलेली पोरगी आठवड्याभरात पुन्हा बघायलाच हवी होती, असं मला आजही वाटतं. त्याच आठवड्यात ती माहेरी आली.

आमचीही बाजू सांगते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचं शिबिर दर महिन्याच्या ९ तारखेला असतं. ही १२ तारखेला गावात आली. आशाताईनं घरी जाऊन नाव लिहून घेतलं, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या आहेत का बघितलं आणि ‘पुढच्या ९ तारखेला जाऊया’ म्हणून सांगून आली. दोन दिवसांत उपकेंद्रात नेऊन रक्तदाब बघता आला असता. आम्ही नेलं नाही. तीन आठवडे गेले.

म्हाईचा दिवस

तो दिवस गावच्या म्हाईचा, म्हणजे गावजत्रेचा होता. घरात पाहुणे, मटणाचं जेवण, तांबडा रस्सा. लेकीनं दुपारी पोटभर खाल्लं. नवव्यात लागलेली बाई जेवली तर आई सुखावणारच. संध्याकाळी सातच्या सुमाराला ती म्हणाली, वरच्या पोटात दुखतंय. मग उलटी झाली. पुन्हा एक झाली.

चुलती म्हणाली, “पित्त खवळलं. एवढा रस्सा कशाला वरपायचा?” यात चुकीचं काय होतं? गरोदरपणात पित्त होतंच. गर्भाशय जठराला वर ढकलतं, अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू सैल पडतो, छातीत जळजळतं. त्यात तिखट जेवण. गार दूध झालं, कोकमाचं पाणी झालं, ते उलटून पडलं. साडेआठला भावानं पित्ताची गोळी आणली. तासभर जरा बरं वाटलं, आणि सगळ्यांनी ते गोळीचं श्रेय मानलं. वडील आणि चुलते दुसऱ्या दिवशीच्या उसाच्या तोडीच्या गडबडीत होते. कारखान्याची तोड आली की घरातल्या पुरुषांना दुसरं काही सुचत नाही.

दहा वाजता दुखणं परत आलं, आधीपेक्षा जास्त. तेव्हा आजी उठली. लेकीला उताणी झोपवून तिनं पोटावर दोन्ही हात ठेवले आणि बराच वेळ तशीच बसली. मग म्हणाली, “पोट मऊ हाय. कळा न्हाईत. बाळबी हलतंय. झोपू दे तिला.”

लेक म्हणाली, “मी झोपतो जरा. सकाळी बघूया.”

तिनं हे का म्हटलं, ते मला पंधरा दिवसांनी कळलं. पाचव्या महिन्यात एका रात्री तिच्या जांघेत चमक आली होती. कूस बदलताना एकदम सुरी मारल्यासारखं. घाबरून ती नवऱ्याबरोबर दवाखान्यात गेली. तपासणीत काहीच निघालं नाही. गर्भाशयाला आधार देणारे बंध ताणले गेले की तसं होतं आणि आपोआप थांबतं. पण तिथं तिला ऐकवलं गेलं, “प्रत्येक दुखण्याला रात्री-अपरात्री धावत यायचं नसतं. तुम्ही काय एकट्याच गरोदर आहात का?” परत येताना नवरा काही बोलला नाही, पण रिक्षाचे पैसे गेलेच होते आणि त्याची कामाची पाळीही बुडाली होती. तेव्हापासून तिनं ठरवलं होतं, पक्कं कळल्याशिवाय कुणाला त्रास द्यायचा नाही.

दोन दिवस डोकं दुखत होतं, तेही तिनं सांगितलं नव्हतं. मोबाईल बघताना डोळ्यांपुढं काजवे चमकतात, हेही नाही.

फोन

रात्री ११.२० ला आईनं आशाताईला फोन केला, तोही “झोपला न्हाईसा न्हवं?” असं विचारत. आशाताईनं मला लावला. आणि इथं माझी चूक लिहायलाच हवी, कारण हे सगळं लिहिण्याचं मुख्य कारण ती आहे. मी पहिला प्रश्न विचारला, “कळा आहेत का गं?”

“न्हाईत, मॅडम. पित्त झालंय म्हणत्यात. आजीनं बघितलंय.”

मला हायसं वाटलं. ‘सकाळी उपकेंद्रात आण’ हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण आशाताई बोलता बोलता त्या घरापर्यंत पोचली होती, दोनच गल्ल्या पलीकडं होतं ते. ती लेकीच्या शेजारी बसली आणि सहज म्हणाली, “मॅडम, हिच्या बांगड्या हाताला रुतल्यात बघा.”

डोहाळजेवणाला भरलेला हिरवा चुडा. तीन आठवड्यांपूर्वी मनगटावर खळखळणारा. आता तो हलत नव्हता आणि बांगडी जरा वर सरकवली की खाली कातडीवर खोल वळ दिसत होता. पायाला सूज तर नवव्यात बहुतेक बायकांना असते, तिच्याकडं आम्ही फार लक्ष देत नाही. हाताला आणि तोंडाला भराभर चढलेली सूज वेगळी.

मी म्हटलं, “तिला विचार, कुठं दुखतंय. तोंडानं सांगू नको म्हणावं, हात ठेवून दाखव म्हणावं.”

“हितं. छातीच्या खाली. उजव्या अंगाला, बरगडीखाली.”

“डोकं दुखतंय?”

पलीकडून लेकीचाच बारीक आवाज ऐकू आला, “दोन दिवस झालं.”

डायबेटिस-बीपीच्या सर्वेक्षणासाठी आणलेलं डिजिटल मशीन आशाताईकडं होतं. तिनं लेकीला बसवलं, पाठीला उशी दिली, हात मांडीवर लोंबता न ठेवता पाटावर छातीच्या उंचीला घेतला. आकडा आला १६८/११२. तिचा विश्वास बसेना. मशीन बिघडलंय का बघायला तिनं तोच पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला: ११८/७६. मग लेकीच्या दुसऱ्या हाताला: १६६/११०. एवढ्या घाईत मशीनची खात्री करून घ्यायचं तिला सुचलं, याचं मला फार कौतुक वाटतं. मी तिथं असते तर मला सुचलं असतं की नाही, सांगता येत नाही.

रस्ता

भाऊ म्हणाला, वडापवाल्याची जीप दारातच आहे, तीच काढू. मी १०८ ला फोन करायला सांगितलं. वाटेत झटका आला तर जीपमध्ये करण्यासारखं काही नसतं. १०८ मध्ये डॉक्टर असतो, ऑक्सिजन असतो. गाडी येईपर्यंत डाव्या कुशीवर झोपव, काही खायला-प्यायला देऊ नको, एकटं सोडू नको. आणि इचलकरंजीला नवऱ्याला फोन करून फाईलचे फोटो मागव.

गाडी अर्ध्या तासात आली. तोवर मी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना उठवलं होतं. केंद्र रस्त्यातच आहे. तिथं गाडी पंधरा मिनिटं थांबली. मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, आणि रक्तदाब उतरवायला निफेडिपिनची गोळी. मॅग्नेशियमचं इंजेक्शन फार दुखतं आणि अंगातून गरम वाफ गेल्यासारखी वाटते. लेक कळवळली तेव्हा आई म्हणाली, “आता हे कशाला आणि?” ते झटका येऊ नये म्हणून असतं, रक्तदाबासाठी नव्हे, हे आशाताईनं तिला समजावून सांगितलं. त्या पंधरा मिनिटांचा वेळ वाया गेला असं कुणाला वाटत असेल तर मी ठामपणे सांगेन, नाही. गगनबावडा रस्त्याला हंगामात उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक असतात, रात्री तर जास्तच. बालिंग्याच्या पुलावर दोन ट्रॅक्टर पुढं होते. फुलेवाडी ओलांडून, रंकाळ्याच्या कडेनं, गंगावेशीतून सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात पोचायला सव्वा ते दीड वाजला. तो सगळा वेळ ती पहिल्या डोसच्या आधारावर होती.

सीपीआरमध्ये सलाईनची सुई लावायला मनगट मोकळं हवं होतं. साबण लावून बघितला, बांगड्या निघेनात. सिस्टरांनी कापूस खाली घालून एकेक बांगडी वाढवली. आईनं तोंड फिरवलं. हिरवा चुडा बाळंतपणाआधी वाढवावा लागला, हे तिच्या मनात बराच काळ राहिलं. सिस्टरना ते कळलं असावं, कारण शेवटची बांगडी वाढवताना त्या म्हणाल्या, “मावशी, बारशाला नव्या भरा. आता पोरगी बघा.”

रिपोर्ट आले. लघवीत प्रथिन तीन प्लस. यकृताचे आकडे कितीतरी पटीनं वाढलेले. प्लेटलेट ५८ हजार. निरोगी माणसाच्या दीड लाखाच्या वर असतात. पित्त म्हणून जे रात्रभर दुखत होतं ते यकृत होतं.

याला डॉक्टर हेल्प सिंड्रोम म्हणतात. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, यकृताला इजा होते, प्लेटलेट उतरतात. या तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून लुई वाइनस्टाइन या अमेरिकी डॉक्टरांनी १९८२ मध्ये ते नाव दिलं. गरोदरपणातल्या वाढत्या रक्तदाबाचंच हे एक उग्र रूप. यकृताभोवती पातळ आवरण असतं. यकृत सुजलं की ते ताणलं जातं, आणि दुखतं बरोबर तिथं, जिथं आपण पित्ताचा हात ठेवतो. उलट्याही होतात. त्यामुळं याला पित्त समजण्याची चूक शिकलेल्या माणसांकडूनही होते. काही बायकांत तर रक्तदाब फारसा चढलेलाही नसतो, तेव्हा एका चांगल्या आकड्यावर निश्चिंत होऊ नये. यावरचा खरा इलाज एकच, वार आणि बाळ बाहेर काढणं. बाकी सगळं तिथपर्यंत पोचायला मदत करतं.

३४ आठवडे ४ दिवस झाले होते. थांबण्यात काही मिळणार नव्हतं. प्लेटलेट कमी म्हणून पाठीत भूल न देता पूर्ण भूल देऊन पहाटे ४.१० ला सिझेरियन झालं. मुलगी, वजन १ किलो ८०० ग्रॅम. ती नवजात अतिदक्षता कक्षात अकरा दिवस राहिली. लेकीच्या प्लेटलेट दुसऱ्या दिवशी आणखी उतरून ४१ हजारांवर आल्या, मग चढायला लागल्या. बाळंतपणानंतर एक-दोन दिवस असं होतं आणि झटकाही तेव्हा येऊ शकतो, म्हणून मॅग्नेशियम पुढं चोवीस तास चालू होतं. दर थोड्या वेळानं तिच्या गुडघ्यावर ठोकून बघत होते, श्वास मोजत होते, लघवी किती झाली ते लिहीत होते. औषध जास्त झालं की आधी गुडघ्याची उसळी जाते. झटका आला नाही.

आजीचा हात बरोबर होता

पहिल्या बैठकीत चर्चा भलतीकडं गेली. “म्हाताऱ्या माणसांचं ऐकत बसतात”, “अडाणीपणा आहे” वगैरे. मला ते पटलं नाही. आजीनं सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी होती. पोट मऊ होतं. कळा नव्हत्या. बाळ हलत होतं. नंतर सीपीआरच्या केसपेपरवर डॉक्टरांनी हेच लिहिलं: गर्भाशय शिथिल, ठोके चांगले. निरीक्षण बिनचूक होतं. घोटाळा प्रश्नात होता. आपल्या भाषेत गरोदर बाईच्या पोटदुखीला दोनच खण आहेत: कळा, आणि कळा नाहीत. कळा असतील तर धावपळ, नसतील तर घरगुती उपाय. आजीनं त्यातला दुसरा खण उघडला. फोनवर मीही तोच उघडला, आणि मी तर त्यासाठी प्रशिक्षण घेतलेली बाई.

थॅडियस आणि मेन या दोघी अभ्यासकांनी १९९४ मध्ये मातामृत्यूमागचे तीन विलंब मांडले: मदत घ्यायचं ठरवण्यातला, पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. आमच्या भागात दुसऱ्या आणि तिसऱ्यावर खूप काम झालं. १०८ आहे, १०२ आहे, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण आणि ने-आण मोफत आहे. महाराष्ट्राचा मातामृत्यूचा आकडा २०१८-२० च्या नमुना नोंदणीत लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. हे उगाच झालं नाही. त्या रात्रीचा हिशेब मांडला तर गाडी यायला अर्धा तास, केंद्रात पंधरा मिनिटं, रस्त्यात पाऊण तास. आणि ठरवण्यात साडेचार तास. घर रस्त्यालगतचं होतं, मोबाईलला रेंज होती, जीप दारात होती.

हात कुठं ठेवते

आता आम्ही फोनवर ‘कळा आहेत का’ हा प्रश्न पहिला विचारत नाही. पहिला प्रश्न: कितवा महिना? दुसरा: हात कुठं ठेवते?

महिना आधी, कारण तेच दुखणं दुसऱ्या महिन्यात एक आणि नवव्यात दुसरंच असतं. दीड-दोन महिने चुकलेत, ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, चक्कर येते किंवा खांद्याच्या टोकाला दुखतंय, तर गर्भ नळीत राहिला असेल असं धरून लगेच निघायचं. तिथं रक्त पोटात आत वाहतं, बाहेर थेंबही दिसला नाही तरी. सदतिसावा आठवडा भरायच्या आधी तासाभरात चार-पाच वेळा पोट घट्ट होऊन सैल होत असेल, कंबर मागून भरून येत असेल, तर कळा ‘खऱ्या की खोट्या’ यावर घरात वाद घालायचा नाही. वेळेत पोचलं तर ३४ आठवड्यांच्या आतल्या बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देता येतात, १२-१२ तासांनी चार. उशीर झाला तर ती वेळ परत येत नाही. दिवस पूर्ण भरलेल्या पहिलटकरणीला मात्र थोडा धीर धरता येतो. कळा पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या, असं तासभर चाललं की निघायचं. तिथंही पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळ मंदावलं किंवा दवाखाना लांब असेल तर धीर बाजूला ठेवायचा.

हात कुठं, याची उत्तरं आशाताईंनी आता इतकी गोळा केली आहेत की बैठकीत त्या एकमेकींना करून दाखवतात. जांघेत एका बोटानं जागा दाखवली, कूस बदलताना चमकतं आणि निवांत पडलं की थांबतं: बहुतेक बंधांचा ताण, दुसऱ्या दिवशी दाखवलं तरी चालतं. पाठीमागं बरगडीखाली मूठ ठेवली, थंडी वाजते, लघवीला जळजळ: मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी जायचं. सगळ्या पोटावर दोन्ही हात पसरले आणि पोट लाकडासारखं कडक, मध्ये सैल पडतच नाही: वार सुटली असेल, रक्तस्राव दिसो न दिसो, एक क्षणही थांबायचं नाही. एकाच पायाची पोटरी धरली, तीच सुजलीय, गरम लागते: तेही त्याच दिवशी. आणि विसावा आठवडा उलटल्यावर छातीच्या खाली किंवा उजव्या बरगडीखाली हात गेला, की पित्ताचं औषध द्यायच्या आधी रक्तदाब बघायचा. सोबत डोकेदुखी, काजवे, हाता-तोंडाची सूज यांतलं काही असेल तर मशीन नसलं तरी निघायचं.

हे फोनवरचं आहे, तपासणीची जागा ते घेत नाही. आणि प्रश्न विचारूनही शंका राहिली तर उत्तर ‘चला’ हेच.

दुसऱ्या बैठकीत एका आशाताईनं विचारलं ते फार महत्त्वाचं होतं. “मॅडम, असं प्रत्येकीला आणलं, आणि तिथं नुसतं पित्तच निघालं तर? आमाला बोलणी खायला लागत्यात.” खरं आहे. आणलेल्या बऱ्याच बायकांचं तपासून ‘सगळं ठीक’ असंच निघतं. रात्रीची गाडी, बुडालेली हजेरी, घरातल्यांची तोंडं, वर दवाखान्यात एखादा टोमणा. हा सगळा खर्च बाई लक्षात ठेवते. या प्रकरणात तर मला दिसतं की पाचव्या महिन्यातल्या त्या एका बोलण्यानं नवव्या महिन्यात तिचं तोंड बंद केलं. डोकेदुखी दोन दिवस लपवायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला तसं शिकवलं गेलं होतं. म्हणून काहीच न निघालेल्या बाईला परत पाठवताना ‘आलात ते बरं केलंत, पुन्हा वाटलं तर पुन्हा या’ हे वाक्य बोलायचं, असं आमच्या केंद्रात आता ठरलं आहे. वैद्यकीय अधिकारी स्वतः बोलतात. नवऱ्यासमोर आणि सासूसमोर मुद्दाम मोठ्यानं बोलतात.

आणखी एक बदल केला. माहेरवाशीण गावात आली की ९ तारखेची वाट बघायची नाही. तीन दिवसांत उपकेंद्रात रक्तदाब, लघवी, वजन. सासरच्या फाईलच्या प्रत्येक पानाचा फोटो नवऱ्याकडून मागवून आशाताईच्या मोबाईलमध्ये. डोहाळजेवणाच्या ओटीत फाईल ठेवा, असं एका आशाताईनं सुचवलं आणि दोन-तीन घरांनी ते केलंही: खण, नारळ, आणि वर प्लास्टिकच्या पिशवीत फाईल.

पुढं

लेक सव्वा महिना गोळ्यांवर होती. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत रक्तदाब १२४/८० आला आणि डॉक्टरांनी गोळी थांबवली. प्लेटलेट, यकृत पूर्ववत. दर वर्षी रक्तदाब बघायचा, हे तिला लिहून दिलंय, कारण ज्यांना असं होऊन गेलंय त्यांना पुढच्या आयुष्यात रक्तदाबाचा त्रास होण्याचा संभव जास्त असतो. पुढच्या वेळी दिवस गेले की लगेच नोंद करायची आणि पहिल्याच भेटीत हे सगळं सांगायचं; बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन द्यायची का ते डॉक्टर ठरवतील. मुलगी आता मान धरते. बारसं उशिरा, घरातल्या घरात केलं. आईनं त्या दिवशी लेकीला नवा चुडा भरला.

गेल्या महिन्यात त्याच गल्लीतल्या एका सुनेसाठी आशाताईला फोन आला, सहावा महिना, रात्री नऊची वेळ. फोन आजीचा होता. ती म्हणाली, “कळा न्हाईत. जांगंत बोट ठिवत्या. पर तू मशीन घिऊन ये.” आशाताई गेली. ११०/७० होता, दुखणं पडल्यावर थांबलं होतं. चहा घेऊन ती परत आली आणि मला मेसेज टाकला.